पाठीमागचा सूर

रामटेकच्या गडावर गोकुळ दरवाजातून आत शिरलं की आधी लक्ष्मणाचं मंदिर लागतं आणि मग रामाचं. गाव रामाच्या नावाचं, डोंगर रामाच्या नावाचा, कालिदासाच्या यक्षाची रामगिरी ती हीच असं मानणारे विद्वानही पुष्कळ. पण यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळातला जो शिलालेख आहे, ज्यात या तीर्थाचं जुनं वर्णन आलं आहे, तो लक्ष्मणाच्या मंदिराच्या भिंतीत आहे. रामटेकचा जुना इतिहास वाचायचा तर आधी धाकट्या भावाच्या दाराशी थांबावं लागतं. गडावर येणाऱ्या गर्दीला हे सांगावंसं मला नेहमी वाटतं.

संगीतात असे भाऊ शोधायला लागलो आणि थक्क झालो. ते सापडतात, आणि एकदा सापडले की त्यांच्या नामवंत भावंडाचं गाणं-बजावणं पहिल्यासारखं ऐकूच येत नाही. एक भाऊ पॅरिसचा आहे, दुसरा आपल्या मिरज-पुण्याचा. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. पण एकाचं काम समजलं की दुसऱ्याचं आपोआप उलगडतं, म्हणून पॅरिसपासून सुरुवात करतो.

जँगो राईनहार्ट हे नाव गिटार वाजवणाऱ्या जगातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. १९१० साली बेल्जियममध्ये, घोडागाडीच्या बिऱ्हाडात जन्मलेला हा भटक्या रोमा लोकांच्या मानुश शाखेतला मुलगा. युरोपभर फिरणाऱ्या या रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातूनच गेले. १९२८ मध्ये जँगोच्या गाडीला आग लागली, डाव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली, आणि उरलेल्या दोन बोटांनी तो असं काही वाजवू लागला की आजही लोक त्याच्या तबकड्या पुन्हा पुन्हा लावून बोटं मोजत बसतात. त्याच्या पाठचा भाऊ जोसेफ. जन्म १९१२. घरचं लाडाचं नाव निन-निन. इस्पितळात पडलेल्या जँगोला गिटार आणून दिली ती या निन-निननं, असं सांगतात. बरं झाल्यावर दोघे भाऊ गिटारी घेऊन दक्षिण फ्रान्सभर हिंडले, आणि तिथेच एका चित्रकार मित्राकडे अमेरिकन जॅझच्या तबकड्या त्यांनी पहिल्यांदा ऐकल्या.

१९३४ साली पॅरिसमध्ये जँगो आणि व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली यांचं जमलं. आधी चारच जण होते. त्यात एक पेच होता आणि तो जँगोच्या लक्षात आला. ग्रापेलीचं व्हायोलिन पुढे असलं की त्याच्या मागे दोन गिटारी वाजायच्या. जँगो पुढे आला की मागे एकच उरायची. त्यानं तक्रार केली आणि दुसऱ्या गिटारीसाठी धाकट्या भावाला बोलावलं. असं ते ‘हॉट क्लब ऑफ फ्रान्स’चं पंचक पुरं झालं. तीन गिटारी, एक व्हायोलिन, एक मोठं बास. ढोल नाही, झांज नाही, कुठलंही तालवाद्य नाही.

तालवाद्य नाही हे लक्षात घेतल्याशिवाय जोसेफचं मोठेपण कळत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, मागे कोणीतरी तालवाद्य घेऊन बसलंय. प्रत्यक्षात तो ठेका गिटारीतून येतो. फ्रेंचमध्ये त्या पद्धतीला ‘ला पाँप’ म्हणतात. चार मात्रांच्या गणतीत पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला जाड तारांवर हलका आघात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मनगट सैल सोडून सगळ्या तारांवरून झटकन खाली येणारा हात. आणि खरी करामत पुढेच आहे. सूर निघाल्या क्षणी डाव्या हाताच्या बोटांनी दाब काढून घ्यायचा, पण बोटं तारेवरून उचलायची मात्र नाहीत. तार पडद्यापासून सुटते आणि बोटाच्या स्पर्शानं लगेच गप्प होते. स्वर निघतो तोच संपतो, आणि उरतो तो कोरडा, ताठ टणत्कार. डावा हात जरा उशिरा सुटला तर ठेका चिकट होतो, लवकर सुटला तर नुसता खडखडाट. जलद चालीत मिनिटाला दोनशेच्या वर मात्रा धावतात. म्हणजे तीन मिनिटांच्या तबकडीत सहाशेच्या वर वेळा हे अचूक करायचं, आणि लोकांचं लक्ष आपल्याकडे जाणार नाही अशा बेतानं करायचं. लक्ष गेलं की काम बिघडलं!

हे करणारा जोसेफ स्वतः उत्तम एकलवादक होता. पुढे स्वतःची मंडळी घेऊन त्यानं वाजवलं, त्याच्या स्वतःच्या तबकड्याही निघाल्या. पण ज्या कामामुळे जँगोला हवेत झेप घेता आली ते काम त्यानं वर्षानुवर्षं केलं. मधूनमधून भावांची भांडणं व्हायची, जोसेफ निघून जायचा, मग दुसरा कोणी येऊन त्याची जागा भरायचा, पुन्हा जोसेफ परतायचा. जँगो १९५३ च्या मे महिन्यात गेला. जोसेफ १९८२ पर्यंत जगला, आणि आजही त्याची ओळख करून देताना पहिलं वाक्य ‘जँगोचा भाऊ’ हेच असतं.

आता मिरजेकडे.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ बडोद्याच्या दरबारात असताना तिथल्या सरदार माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे शिकत होती. दोघांनी बडोदं सोडलं, संसार थाटला आणि मुलं झाली. अब्दुल रहमान, चंपाकली, गुलाब, कृष्णा, सकीना. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी नवी नावं घेतली. चंपाकलीच्या झाल्या हिराबाई बडोदेकर. गुलाबच्या कमलाबाई बडोदेकर. सकीनाच्या सरस्वती राणे. आणि थोरला अब्दुल रहमान झाला सुरेशबाबू माने.

हिराबाईंबद्दल मराठी माणसाला सांगायला नको. १९०५ चा जन्म. बाईनं मैफिलीत बसून, तिकीट लावून, सभ्य श्रोत्यांसमोर ख्याल गावा ही गोष्ट समाजाला पचत नव्हती त्या काळात त्यांनी ती करून दाखवली. त्या डोक्यावरून पदर घेऊन, शांत बसून गायल्या आणि महाराष्ट्राच्या घराघरांतल्या मुलींना गाणं शिकण्याची वाट खुली झाली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, पद्मभूषण, देशोदेशीचे दौरे हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं आणि त्यातला कणही फुकटचा नव्हता. धाकट्या सरस्वतीबाईंशी त्यांची जुगलबंदी ऐकलेले लोक आजही डोळे मिटून तिची आठवण सांगतात.

पण हिराबाईंना आरंभीची तालीम दिली ती थोरल्या भावानं. सुरेशबाबू १९०२ चे, म्हणजे हिराबाईंहून तीनच वर्षांनी मोठे. वडिलांकडून मिळालेलं, आणि त्याच घराण्यातले दुसरे थोर गवई अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून मिळालेलं, असं दोन्हीकडचं धन त्यांच्यापाशी होतं. वडिलांच्या गाण्यात आर्त, धारदार सुरेलपणा. वहीद खाँच्या गाण्यात अतिविलंबित लयीत एकेक सुराला जागा देत पुढे सरकण्याचा संयम. या दोन्ही गोष्टी घरातल्या घरात बहिणीच्या गळ्यात उतरल्या. नंतर हिराबाई स्वतःही वहीद खाँकडे शिकल्या, पण पहिला हात भावाचा.

किराण्याच्या तालमीत नेमकं काय दिलं जातं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण तिथे कौतुकानं थांबावं असं काहीतरी घडतं. तंबोऱ्याच्या चार तारा. बहुधा पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे षड्जाच्या, शेवटची खर्जाची. घोडीवर तारेखाली एक बारीक दोरा सरकवून जवारी लावतात. दोरा केसभर इकडचा तिकडे झाला की तार बोलायची थांबते. तो जागेवर बसला की खर्जाच्या तारेतून, कोणीही न छेडलेला, एक गांधार आपोआप उमटतो. आपले गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. यात जादू नाही, पदार्थविज्ञान आहे. तार सबंध कंप पावते तशीच ती तिच्या दोन, तीन, चार, पाच भागांतही कंप पावते, आणि पाचव्या भागाचा स्वर म्हणजे दोन सप्तकं वरचा गांधार. तो नेहमी तिथे असतोच. तंबोरा नेमका लागला तर ऐकू येतो इतकंच. पण हे विज्ञान कळल्यावर माझं नवल कमी झालं नाही, वाढलं.

अब्दुल करीम खाँ तंबोऱ्याच्या जुळणीबद्दल विलक्षण काटेकोर होते. ते मिरजेत राहिले, आणि मिरज तर तंबोरे-सतारी घडवणाऱ्या कारागिरांचंच गाव. किराण्याचा गवई या स्वयंभू सुरांच्या आत आपला आवाज मिसळून देतो. विलंबितात एकेक सूर असा ठेवतो की तो तंबोऱ्यातून निघाला की गळ्यातून, हे क्षणभर कळू नये. हे वहीवर लिहून देता येत नाही. गुरूनं शेजारी बसून गायचं आणि शिष्यानं त्या सुरात सूर मिळवायचा, एवढाच मार्ग. म्हणून या घराण्यात शिकवणाऱ्याचा आवाज शिकणाऱ्याच्या गळ्यात अक्षरशः मुरतो. जोसेफचा ठेका जसा जँगोच्या तबकडीत आहे, तसे सुरेशबाबू हिराबाईंच्या सुरात आहेत. फरक एवढाच की जोसेफ त्या खोलीत हजर होता, आणि सुरेशबाबू हजर नसतानाही होते.

मग त्यांचं नाव मागे का पडलं? ते लोकांसमोर आलेच नाहीत, असं मुळीच नाही. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुराहून पुण्याला आली आणि तिथल्या नव्या स्टुडिओत पहिला चित्रपट झाला तो शांताराम यांचा ‘अमृतमंथन’, १९३४ सालचा. त्यात माधवगुप्ताच्या भूमिकेत सुरेशबाबू होते. योगायोग पाहा, पॅरिसमध्ये पाचवी जागा भरायला जोसेफला बोलावणं आलं तेही १९३४ मध्येच. त्याआधी ताराबाईंच्या नूतन संगीत विद्यालयानं नाट्यशाखा काढली होती. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याच्या त्या काळात या भावंडांनी, बहिणींनी आणि भावानं, एकाच रंगमंचावर ‘सौभद्र’सारखी नाटकं केली. केवढं धाडस! ती मंडळी फार वर्षं टिकली नाही, पण पुढच्या अभिनेत्रींच्या वाटेतला काटा निघाला.

नाव मागे पडण्याचं मोठं कारण मला काळाच्या गणितात दिसतं. सुरेशबाबू १५ फेब्रुवारी १९५३ रोजी गेले, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. त्याच १९५३ मध्ये पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला. पुढच्याच वर्षी आकाशवाणीचं रेडिओ संगीत संमेलन. लाँगप्ले तबकड्या, ज्यांच्यावर वीस मिनिटं एक राग सलग बसतो, आपल्याकडे त्यानंतर काही वर्षांनी आल्या. ज्या गवयाचं मर्म सावकाश वाढत जाणाऱ्या विलंबितात, त्याच्या नशिबी आली ती तीन मिनिटांत संपणारी ७८ फेऱ्यांची तबकडी. तीन मिनिटांत जँगो आकाश दाखवू शकतो, कारण जॅझचं तेव्हाचं गाणंच तेवढं. किराण्याच्या ख्यालाला तीन मिनिटांत उंबरठाही ओलांडता येत नाही. हिराबाई १९८९ पर्यंत होत्या. नवी तंत्रं, नवे महोत्सव, नवे श्रोते त्यांना भेटले. भावाच्या वाट्याला ते आलं नाही. बहिणीनं भावाला झाकलं असं म्हणणं म्हणूनच मला अन्यायाचं वाटतं. उलट तिच्यामुळेच ते गाणं आणखी कित्येक वर्षं मैफिलीत राहिलं.

त्या तबकड्यांची आणखी एक गंमत आहे, आणि आपल्या भागातल्या वाचकाला ती आवडेल. ७८ फेऱ्यांच्या तबकडीचा जीव म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर इवलेसे किडे जो राळेसारखा थर चढवतात, ती ही लाख. त्या काळात जगातल्या लाखेचा बहुतेक पुरवठा हिंदुस्थानातल्या जंगलांतून व्हायचा. पळस म्हणजे आमच्या रामटेकच्या रानात फाल्गुनात पेटलेला दिसतो तोच. पॅरिसच्या भावांची आणि पुण्याच्या भावंडांची तबकडी, दोन्ही अशाच एखाद्या फांदीवरच्या किड्यांच्या मेहनतीवर फिरल्या.

सुरेशबाबूंनी जे दिलं ते मात्र घरापुरतं राहिलं नाही. शिष्यांची नावं नुसती शेजारी ठेवली तरी चकित व्हायला होतं. माणिक वर्मा. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा त्यातली गाणी त्यांच्या आवाजात महाराष्ट्रानं रेडिओभोवती गोळा होऊन ऐकली. वसंतराव देशपांडे. मूर्तिजापूरला जन्मलेले, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे घडलेले आपले वऱ्हाडी गवई. आणि प्रभा अत्रे. विज्ञान आणि कायदा शिकलेली ही पुण्याची मुलगी सुरेशबाबूंकडे आली, त्यांच्या निधनानंतर हिराबाईंकडे तिची तालीम पुढे चालली. सरगमवर प्रबंध लिहून तिनं डॉक्टरेट मिळवली, २०२२ साली पद्मविभूषण मिळालं, आणि जानेवारी २०२४ मध्ये ती गेली.

या तिघांचं गाणं एकमेकांसारखं अजिबात नाही. माणिकबाईंचा गळा गोड आणि घरगुती जिव्हाळ्याचा. वसंतराव बेफाम, लयीशी झुंज घेणारे, किती तरी गुरूंचं पचवलेले. प्रभाताई विचार करून मांडणाऱ्या, सरगमेला स्वतंत्र अलंकार मानणाऱ्या. एकाच गुरूकडून अशी तीन वेगळी माणसं निघतात तेव्हा त्या गुरूनं आपली नक्कल करवून घेतली नाही हे उघड आहे. माझ्या मते सुरेशबाबूंच्या थोरवीचा याहून मोठा पुरावा लागत नाही. मैफिलीतली टाळी त्याच रात्री विरते. तालीम तशी विरत नाही. ती तिसऱ्या, चौथ्या पिढीच्या गळ्यात सापडते.

अशा भावंडांची यादी मराठीत लांब आहे, पण एकच नाव घेतो. ‘सांग सांग भोलानाथ’ आणि ‘असावा सुंदर चॉकलेटचा बंगला’ या गाण्यांच्या चाली मराठी घरात वाढलेल्या बहुतेक पोरांना पाठ असतात, आणि त्या चाली मीना खडीकरांच्या, लतादीदींच्या पाठच्या बहिणीच्या, हे मोठ्यांनाही चटकन सांगता येत नाही. त्यांनी दीदींवर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘मोठी तिची सावली’. त्या सावलीत बसून त्यांनी बालगीतांचं एक अख्खं दालन उभं केलं.

या माणसांना ऐकायचं कसं, ते सांगून टाकतो. हॉट क्लबचं ‘डायना’ लावा, डिसेंबर १९३४ चं, पंचकाच्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रणांपैकी. पहिल्यांदा जँगोसाठी ऐका, कारण त्याच्याकडे कान जाणारच. दुसऱ्यांदा त्याला पुढे जाऊ द्या आणि मागच्या कोरड्या टणत्कारावर कान ठेवा. तिथे पंचकाचा तिसरा गिटारवादक रॉजे शापू आणि जोसेफ दोघे आहेत. जँगो पुढे असतो तेव्हाही मागचा भराव पातळ होत नाही. तो जोसेफ. मग सुरेशबाबूंची एखादी जुनी तबकडी मिळवा. खरखर असेल, सोसा. त्यानंतर लगेच हिराबाई, आणि लगेच तरुणपणच्या प्रभाताई. सुराला हात लावण्याची रीत एकच आहे, हे तिसऱ्या आवाजापर्यंत कान स्वतःच सांगतो.

आणि एक विनंती. विदर्भातल्या, खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत, माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत अशा लाखेच्या तबकड्या अजून पडून आहेत. घर पाडायला काढलं की त्या भंगारात जातात, आणि लाखेची तबकडी हातातून पडली की तिचे तुकडे होतात. मुंबईची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था आणि तिच्यासारखे संग्राहक हा ठेवा सांभाळायचं काम करतात. तुमच्या घरी अशी पेटी असेल तर लेबलं वाचा. हिराबाईंचं नाव दिसलं तर आनंद मानाच. पण ‘सुरेशबाबू माने’ असं दिसलं, तर ती तबकडी उभी ठेवा, एकीवर एक रचू नका, आणि जाणकाराच्या हातून तिचं डिजिटल मुद्रण करून घ्या. त्यांच्या आवाजाचं जे थोडं उरलंय, ते बहुतेक अशाच पेट्यांमध्ये आहे.